कानातला खडा आणि टेबलावरचा आकडा

कॉड माशाच्या डोक्यात, मेंदूच्या थोडं खाली, दोन मोठे पांढरे खडे असतात. माशाला तोल सांभाळायला आणि ऐकायला ते लागतात. शास्त्रात त्यांना ओटोलिथ म्हणतात. मी मात्र पहिल्या दिवसापासून मनात त्यांना खडेच म्हणत आले. मोठ्या कॉडचा खडा बोटाच्या पेराएवढा भरतो. एक बाजू फुगीर, एक खोलगट, कडेला बारीक बारीक दाते. तो मधोमध आडवा तोडायचा आणि तुटलेली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मग झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वलयं दिसू लागतात. उन्हाळ्यात मासा भराभर वाढतो तेव्हाचं वलय रुंद आणि दुधाळ. हिवाळ्यातलं अरुंद, काचेसारखं. दोन्ही मिळून माशाच्या आयुष्यातलं एक वर्ष.

परदेशातल्या एका प्रयोगशाळेत मी आयुष्यातली बरीच वर्षं ही वलयं मोजली. ऐकणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. पण खडा सरळ बोलत नाही. मासा उपाशी राहिला, पाणी अचानक तापलं, कुठे आजारपण आलं, तर वर्ष संपलेलं नसतानाही एक खोटं वलय उमटून जातं. मध्यभागी, जिथे पहिला हिवाळा असायला हवा, तिथे बहुतेक वेळा नुसता धुरकट ठिपका असतो. कडेला तर आणखी पंचाईत. मार्चमध्ये पकडलेल्या माशाचं शेवटचं वलय अजून पुरं झालेलं नाही, ते धरायचं की सोडायचं? त्यासाठी उत्तर गोलार्धातल्या प्रयोगशाळांनी फार पूर्वी एक संकेत पाळायचं ठरवलं: सगळ्या माशांचा वाढदिवस १ जानेवारी. अंडं एप्रिलमध्ये फुटलेलं असो की मेमध्ये, हिशेबाला १ जानेवारी. मला हा संकेत अजूनही फार आवडतो. निसर्गात त्याला काहीच आधार नाही. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी एकमेकांचे आकडे जुळावेत एवढ्याचसाठी तो मान्य केला आहे.

एका कार्यशाळेची आठवण सांगते. सहा-सात देशांतले वय वाचणारे एका खोलीत बसलो होतो. एकाच पेटीतले खडे सगळ्यांनी आधीच आपापल्या घरी वाचलेले होते, दुसऱ्याचे आकडे न बघता. आता सगळ्यांचे आकडे एकाच तक्त्यात समोर आले. सतरा क्रमांकाच्या खड्याला कुणी सहा वर्षं दिली होती, कुणी सात, दोघांनी आठ आणि एकाने नऊ. पडद्यावर त्या खड्याचं चित्र मोठं करून लावलं आणि एकेकाने पुढे जाऊन काठीने आपापली वलयं दाखवली. अर्ध्या तासात बराचसा उलगडा झाला. दोन प्रयोगशाळा मधल्या ठिपक्याला पहिलं वर्ष धरत होत्या, बाकीच्या धरत नव्हत्या. कुणी निष्काळजी नव्हतं. प्रत्येक जण आपल्या गुरूने शिकवलं तसंच, वीस-वीस वर्षं, प्रामाणिकपणे मोजत आला होता. पण त्या वीस वर्षांत दोन देशांचे मासे एकाच समुद्रात वाढूनही कागदावर एक वर्षाने लहान-मोठे होत राहिले होते.

एका वर्षाने काय बिघडतं, असं कुणी विचारलं तर मी ऑरेंज रफीचं उदाहरण देते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या आसपासच्या खोल समुद्रातला हा मासा. १९७० च्या दशकाच्या शेवटी तो मोठ्या प्रमाणावर पकडला जाऊ लागला, तेव्हा समज असा होता की इतर माशांसारखाच तोही काही दशकं जगत असेल आणि बेताच्या वयात अंडी घालू लागत असेल. पुढे खड्यांच्या पातळ चकत्या आणि किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचं मोजमाप यांतून दिसलं, की हा मासा शंभर वर्षांच्याही पुढे जगतो आणि अंडी घालायला त्याला तिसेक वर्षं लागतात. जो साठा दर थोड्या वर्षांनी भरून निघेल असं धरून वर्षाला किती पकडायचं त्याचे कोटे ठरले होते, तो भरून यायला माणसाची एक पिढी खर्ची पडणार होती. वय चुकलं की वाढीचा वेग चुकतो, मरणाचं प्रमाण चुकतं, आणि मग समुद्रातून किती काढायचं हा आकडाही चुकतो. खड्यापासून कोटा ठरवणाऱ्या टेबलापर्यंतचा रस्ता असा सरळ आहे.

कागदावर तो सरळ असतो, एवढंच. खड्यावरून वयाचा तक्ता, तक्त्यावरून साठ्याचा अंदाज, अंदाजावरून सल्ला, सल्ला बैठकीत, बैठकीतून कोटा, आणि कोट्यावरून बंदरातल्या बोटीवर कुठलं जाळं चढवायचं ते. यातली पहिली तीन कामं संशोधकांची, शेवटची तीन व्यवस्थापनाची. शिवण उसवते ती बहुतेक वेळा मध्येच, सल्ला देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये.

माझ्या हाताखालून गेलेली एक गोष्ट मला अजून सलते. दोन हंगाम खपून आम्ही एका चपट्या माशाचा अहवाल तयार केला. पिल्लं कुठल्या उथळ पट्ट्यात वाढतात, किती महिने तिथे राहतात, जाळ्याची आस (भोकाची रुंदी) किती ठेवली तर ती निसटून जातात, सगळं नकाशांसकट. अहवाल संबंधित खात्यात पोचला तेव्हा पुढच्या हंगामाचे नियम होऊन पंधरा दिवस झाले होते. पुढच्या वर्षी तिथला अधिकारी बदलला. त्याच्या पुढच्या वर्षी आमचं अनुदान संपलं होतं. वरातीमागून घोडं, दुसरं काय. त्या खात्यातल्या कुणी आमच्याशी वाईट वागलं नाही. पण आम्ही कामाला लागलो तेव्हा एकदाही त्यांना विचारलं नव्हतं, की तुम्हाला उत्तर कुठल्या महिन्यात लागतं? आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. आमचं वर्ष अनुदानाच्या तारखांवर चालायचं, त्यांचं मासेमारीच्या हंगामावर. ती पिल्लं तोवर जाळ्यात येऊन गेली होती.

म्हणून गेली कित्येक वर्षं मी एकच गोष्ट शोधत वाचते आहे: जिथे हा टाका पक्का बसला, तिथे तो कुणी आणि कसा घातला?

सुरुवात शंकेतून झाली. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सली या नामवंत जीवशास्त्रज्ञाने सांगितलं होतं, की समुद्रातली मोठी मासेमारी अक्षय आहे, माणसाने कितीही पकडलं तरी माशांच्या संख्येवर लक्षात येण्याजोगा परिणाम होणार नाही. त्या काळच्या होड्या आणि जाळी यांच्यापुरतंच तो बोलत होता. पण वाफेवर चालणारे, जाळं ओढत नेणारे ट्रॉलर आले आणि ब्रिटन-नॉर्वे यांच्यामधल्या उत्तर समुद्रातले मच्छीमार तक्रार करू लागले की मासे लहान होत चालले आहेत. एका देशाने मोजून हे कळणार नव्हतं, कारण मासे एका देशाचे नव्हते. १९०२ च्या जुलैत कोपनहेगनला आठ देशांनी मिळून समुद्राच्या अभ्यासासाठी एक आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती आज आयसीईएस म्हणून ओळखली जाते. ईशान्य अटलांटिकमधल्या बहुतेक महत्त्वाच्या माशांबद्दलचा वार्षिक सल्ला आजही तिथून निघतो. त्या आठांत रशिया होता, जर्मनी होता, ब्रिटन होतं. पुढे हेच देश दोनदा एकमेकांवर तुटून पडले, आणि दोन्ही वेळा युद्धानंतर परिषद पुन्हा उभी राहिली.

त्या युद्धांनी शास्त्राला एक क्रूर पुरावाही दिला. सुरुंग आणि पाणबुड्यांमुळे उत्तर समुद्रातली मासेमारी काही वर्षं जवळपास थांबली. शांतता झाल्यावर बोटी परत गेल्या तेव्हा जाळी जड येऊ लागली, मासे मोठे मिळू लागले. ज्या प्रयोगाला कुठल्याही सरकारने परवानगी दिली नसती तो युद्धाने करून दाखवला. मासेमारी कमी केली की मासे वाढतात, यावर नंतर वाद घालणं अवघड झालं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं त्याच सुमारास नॉर्वेच्या योहान यॉर्ट या मत्स्यशास्त्रज्ञाने हेरिंगच्या खवल्यांवरची वलयं मोजायला लावली आणि १९१४ साली एक मोठा प्रबंध छापला. त्यात दिसलं असं, की १९०४ साली जन्मलेली हेरिंगची एकच पिढी पुढे वर्षानुवर्षं नॉर्वेच्या जाळ्यांत बहुसंख्येने येत राहिली. आधीच्या आणि नंतरच्या पिढ्या तिच्यापुढे किरकोळ. म्हणजे मासे कमी-जास्त होतात ते कुठे तरी दूर निघून गेल्यामुळेच असं नाही. एखाद्या वर्षी पिल्लं जगतात आणि एखाद्या वर्षी जगत नाहीत. आज सगळे मत्स्यशास्त्रज्ञ हे गृहीत धरून चालतात. माझ्या हातातल्या प्रत्येक खड्यामागे यॉर्ट यांच्या त्या मोजणीचं ऋण आहे.

शास्त्र एवढं पुढे गेलेलं असताना न्यूफाउंडलंडला काय झालं, ते मी पुन्हा पुन्हा वाचते, आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

कॅनडाच्या पूर्वेला, न्यूफाउंडलंड बेटासमोर, ग्रँड बँक्स नावाची समुद्राखालची उथळ, विस्तीर्ण पठारं आहेत. तिथल्या कॉडवर शतकानुशतकं किनारा जगला. १९६८ साली तिथल्या उत्तरेकडच्या साठ्यातून ८ लाख टनांहून जास्त कॉड निघाला, त्यातला बहुतेक दूरदेशींच्या कारखानावजा ट्रॉलरांनी. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द जाहीर केली आणि परक्या बोटी बऱ्याच अंशी बाहेर गेल्या. आता आपलाच समुद्र, आपलेच शास्त्रज्ञ, आपलाच कोटा. सगळं आपल्या हातात आलं होतं. आणि तरीही १९८० च्या दशकात साठ्याचे अंदाज बरेच फुगलेले निघाले.

हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे. साठा मोजायला दोन आधार होते. एक, संशोधन जहाजाची पाहणी. दुसरा, ट्रॉलरांना तासाला किती मासे मिळतात तो दर. पाहणीचे आकडे वर्षागणिक वरखाली होत, ट्रॉलरांचा दर मात्र चांगला टिकून होता, म्हणून त्याचा आधार वाटला. पण कॉड कमी झाला की उरलेला विखरून राहत नाही, दाटीने एकत्र येतो, आणि आधुनिक यंत्रं घेतलेला ट्रॉलर नेमका तीच दाटी शोधून काढतो. समुद्र रिकामा होत असतानाही तासाचा दर भरलेलाच दिसतो. किनाऱ्याजवळ एका जागी सापळे लावून बसणाऱ्या छोट्या मच्छीमारांना हे आधी कळलं. त्यांच्या सापळ्यात मासे कमी येत होते आणि लहान येत होते. ते १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सांगत होते. त्यांचं म्हणणं गणितात बसवायला कुणाकडे रकाना नव्हता. शास्त्रज्ञांनी आपले अंदाज खाली आणले तेव्हा दशक संपत आलं होतं. त्यानंतरही कोटा त्यांच्या सल्ल्याइतका एकदम खाली आला नाही, कारण एकदम खाली आणलं असतं तर कारखाने बंद पडले असते. शिवाय पठाराची काही टोकं २०० मैलांच्या बाहेर होती आणि तिथे युरोपीय बोटी आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या मर्यादेला न जुमानता मासे काढत होत्या.

२ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडची मासेमारी बंद केली. तीसएक हजार माणसांचं काम एका दिवसात गेलं. बंदी दोन वर्षांसाठी होती. ती उठली २०२४ च्या जूनमध्ये, बत्तीस वर्षांनी, आणि त्या वर्षीचा कोटा होता १८ हजार टन.

त्यातली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट मी वर लिहिली आहे: रकाना नव्हता. मच्छीमार बोलत होता, शास्त्रज्ञ मोजत होता, मंत्री ठरवत होता. तिघेही एकाच माशाबद्दल बोलत होते. पण एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या कामात शिरेल अशी वाट कुणी बांधलेली नव्हती.

त्याच्या उलट चित्र दक्षिण अटलांटिकमध्ये दिसतं. नामिबिया स्वतंत्र व्हायच्या आधी त्याच्या किनाऱ्यासमोरचा समुद्र म्हणजे दूरदेशींच्या ताफ्यांना मोकळं रान होतं. १९७२ च्या सुमाराला तिथून वर्षाला ८ लाख टनांच्या आसपास हेक मासा निघत होता. २१ मार्च १९९० ला देश स्वतंत्र झाला. नव्या सरकारकडे हजारो चौरस मैलांचा समुद्र होता आणि त्यात काय उरलंय हे सांगणारं स्वतःचं एकही जहाज नव्हतं. त्या वर्षी फ्रित्यॉफ नान्सेन हे जहाज तिथे पाहणीला आलं. नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना मिळून हे जहाज चालवतात, १९७५ पासून. त्याच्यावर झेंडा संयुक्त राष्ट्रांचा असतो, म्हणून ते एका देशाच्या पाण्यातून दुसऱ्याच्या पाण्यात जाऊ शकतं. त्याचं पहिलं काम अरबी समुद्रात झालं होतं. आज त्या नावाचं तिसरं जहाज समुद्रात आहे.

नामिबियाच्या पाहणीत हेकचा साठा किती खंगला आहे ते दिसलं. सरकारने विनापरवाना परक्या बोटींना बाहेर काढलं आणि हेकचा कोटा ६० हजार टनांवर आणला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, पैशाची निकड असलेल्या देशाने समुद्र भाड्याने न देता आधी भरू द्यायचं ठरवलं. हा निर्णय राजकीय होता, पण त्याच्या हातात त्याच वर्षीचा आकडा होता.

पुढचा भाग कुणी फारसा सांगत नाही, मला मात्र तोच मोलाचा वाटतो. परदेशी जहाजाच्या भरवशावर देश कायमचा चालत नाही. म्हणून काही वर्षांनी पाहणी नामिबियाच्याच व्यापारी ट्रॉलरांवर, तिथल्याच शास्त्रज्ञांच्या हाती द्यायचं ठरलं. पण नवीन जहाजाने तेच जाळं त्याच जागी ओढलं तरी तेवढेच मासे येत नाहीत. इंजिनाचा आवाज वेगळा, जाळ्याचं तोंड कमी-जास्त उघडतं. मग जुने आकडे आणि नवे आकडे एका माळेत ओवायचे कसे? त्यासाठी दोन जहाजं शेजारी शेजारी, एकाच वेगाने, एकाच खोलीवर जाळी ओढत गेली, पुन्हा पुन्हा. दर ओढीनंतर दोन्ही डेकवर मासे मोजले गेले. त्या फरकाचं गुणोत्तर निघालं आणि जुन्या वर्षांचा धागा तुटला नाही. सहकार्य हा शब्द मी भाषणांत शेकडो वेळा ऐकला आहे. तो शब्द ऐकला की मला ही दोन जहाजंच आठवतात.

सगळं तिथेही सुटलेलं नाही. खोल पाण्यातला हेक नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या हद्दींच्या पलीकडे-अलीकडे फिरतो आणि त्याचा हिशेब बराच काळ दोन देशांत दोन वेगवेगळ्या वह्यांत होत आला. बेंग्वेला प्रवाहाच्या काठावरचे तीन देश, अंगोला, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका, यांनी त्यासाठी २००७ मध्ये आयोग नेमला आणि २०१३ मध्ये रीतसर करार केला. वह्या एक करायचं काम धिम्या गतीचं आहे.

आता उत्तरेकडे, बॅरेंट्स समुद्राकडे येते. हा माझ्या मनाच्या जवळचा विषय आहे. इथला कॉड रशियाच्या पाण्यात वाढतो, नॉर्वेच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतो. १९७६ पासून दोन देशांचा संयुक्त मत्स्य आयोग दर वर्षी कोटा ठरवतो. शीतयुद्ध ऐन भरात होतं, एक देश नाटोत, दुसरा नाटोचा शत्रू, आणि दोघांची संशोधन जहाजं एकमेकांच्या पाण्यात ठरलेल्या रेषांवर फिरत होती. १९९० च्या दशकापासून दोन्हीकडच्या प्रयोगशाळा दर वर्षी खड्यांची अदलाबदल करतात. तुमचे खडे आम्ही वाचतो, आमचे तुम्ही वाचा. नंतर वय वाचणारे भेटतात आणि जिथे आकडे जुळले नाहीत ते खडे काढून बसतात. माझी ती सतरा नंबरच्या खड्याची खोली आणि ही खोली यांच्यात काहीच फरक नाही.

२००० च्या दशकात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कोटा कसा ठरवायचा याचा नियमच आधी ठरवला: अंडी घालणारे मासे अमुक इतके असतील तर अमुक इतकं काढायचं, त्याखाली गेले तर प्रमाण कमी करत न्यायचं, आणि एका वर्षात कोटा फार वर किंवा फार खाली उडी मारणार नाही. २०१३ मध्ये कॉडचा कोटा १० लाख टनांवर गेला. नंतर पिल्लांची वर्षं वाईट गेली, साठा उतरला आणि कोटाही उतरत आला. २०२५ साठी तो ३ लाख ४० हजार टन होता. उतरणारा कोटा मच्छीमारांच्या घराघरात दुखतो. पण मासे उतरताना कोटाही उतरला, हेच न्यूफाउंडलंडला झालं नव्हतं.

२०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर आयसीईएसमधला रशियाचा सहभाग स्थगित झाला. कॉड मात्र हद्द ओलांडायचा थांबला नाही. दोन देशांच्या शास्त्रज्ञांनी तेव्हापासून साठ्याचा हिशेब परिषदेबाहेर, आपापसात चालू ठेवला आहे. युद्धाच्या काळात हे करावं का, यावर लोकांची तीव्र मतं आहेत आणि ती मला समजतात. माझं मत असं, की कोटा ठरणारच आहे, मासे पकडले जाणारच आहेत, तर तो न मोजता ठरू नये.

मॅकरेलच्या बाबतीत मात्र याच उत्तरेत डोळ्यादेखत उलटं घडलं. ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरेलबद्दल शास्त्रात फारसा झगडा नाही. पाहणी संयुक्त, हिशेब संयुक्त, सल्ला एक. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा मासा मोठ्या संख्येने आइसलँडच्या पाण्यात जाऊ लागला. आइसलँड म्हणालं, मासा आमच्याकडे येतो, आमचं चारापाणी खातो, आमचा वाटा द्या. फॅरो बेटांनीही जास्त मागितलं. नॉर्वे आणि युरोपीय संघ म्हणाले, वाटे आधीच ठरलेले आहेत. एकूण किती काढायचं यावर सगळे साधारण मान डोलवायचे, आणि मग प्रत्येक जण स्वतःचा वाटा स्वतःच जाहीर करायचा. सगळे वाटे मिळून बेरीज सल्ल्याच्या वर जायची. हे वर्षानुवर्षं चाललं. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर टेबलावर एक खुर्ची आणखी वाढली. २०२६ साठीच्या सल्ल्यात शास्त्रज्ञांनी पकड आदल्या वर्षाच्या सल्ल्यापेक्षा ७० टक्क्यांनी कमी करायला सांगितली.

तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी पक्की धरली आहे. संशोधन एकत्र केलं म्हणजे व्यवस्थापन आपोआप एकत्र होतं, हे खरं नाही. बॅरेंट्समध्ये खडे वाचणाऱ्यांचं टेबल आणि कोटा ठरवणाऱ्यांचं टेबल यांच्यामध्ये एक लिहिलेला नियम होता, आणि वाटणीचं प्रमाणही जुनं, ठरलेलं होतं. मॅकरेलमध्ये पहिलं टेबल उत्तम होतं, दुसऱ्यावर वाटणीचं घोंगडं भिजत पडलं होतं. मासे कमी आहेत हे कळल्यावर वाटणीवर बोलायला बसणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायला घेणं. वाटणी आणि नियम आकडा येण्याच्या आधी ठरले तरच आकड्याला किंमत राहते, कारण तोवर कुणाचं नुकसान होणार ते कुणालाच माहीत नसतं.

अटलांटिकच्या ब्लूफिन ट्यूनाने हे शिकायला फार दिवस घेतले. या माशाचं व्यवस्थापन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने महासागराच्या मधोमध, ४५ अंश पश्चिम रेखांशावर एक रेघ ओढली होती: पूर्वेचा साठा वेगळा, पश्चिमेचा वेगळा. पुढे माशांच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक खुणा लावल्या गेल्या तेव्हा दिसलं की मासे ही रेघ सर्रास ओलांडतात. आणि इथेही खडा उपयोगी पडला. खड्याचा अगदी मधला भाग, म्हणजे माशाचं पहिलं वर्ष, ज्या पाण्यात घडतं त्या पाण्याची रासायनिक खूण त्यात कायमची राहते. भूमध्य समुद्रात जन्मलेला ट्यूना अमेरिकेच्या किनाऱ्यावर सापडला तरी त्याचा खडा त्याचं जन्मगाव सांगतो.

२००८ मध्ये या आयोगाला त्याच्या शास्त्रज्ञांनी पूर्वेकडची पकड १५ हजार टनांच्या खाली ठेवायला सांगितलं. आयोगाने २००९ साठी २२ हजार टन मंजूर केले. त्यावर जगभर टीका झाली, या माशाचा व्यापारच बंद करावा असा प्रस्ताव २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मंचावर आला आणि फेटाळला गेला. पण धक्का बसला होता. कोटा १३ हजार टनांच्या खाली आला, तपासणी कडक झाली, साठा सावरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने दोन्ही साठ्यांसाठी मिळून एक पद्धत मान्य केली: पाहणीचे ठरलेले आकडे ठरलेल्या सूत्रात घालायचे, निघेल तो कोटा. ते सूत्र स्वीकारण्याआधी संगणकावर समुद्राच्या अनेक शक्यता उभ्या करून पडताळलं गेलं. मिसळ जास्त असेल तर? पिल्लं कमी जगली तर? एवढ्या सगळ्या 'तर'मधूनही जे सूत्र साठा वाचवतं, तेच घेतलं. या पडताळणीत शास्त्रज्ञ, अधिकारी आणि मासेमारी उद्योगातली माणसं वर्षानुवर्षं बोलत होती. न्यूफाउंडलंडला जो रकाना नव्हता, तो इथे आधीच आखून ठेवलेला होता.

दोन जागांचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. बेरिंग समुद्राच्या मधोमध, अमेरिका आणि रशिया यांच्या हद्दींच्या मध्ये, कुणाचाच नसलेला एक तुकडा आहे. त्याला डोनट होल म्हणतात. १९८० च्या दशकात पाच देशांच्या बोटी तिथे पोलॉक मासा काढत होत्या. १९८९ मध्ये सुमारे १४ लाख टन निघाले, १९९२ मध्ये जेमतेम १० हजार. १९९३ मध्ये मासेमारी थांबवली आणि १९९४ मध्ये करार झाला. करार चांगला आहे, मोजणीचे नियम त्यात चोख आहेत. मासेच परत आले नाहीत.

दुसरी जागा त्याच्याही उत्तरेला, मध्य आर्क्टिक. बर्फ वितळतोय, त्याखालचं २८ लाख चौरस किलोमीटरचं पाणी पहिल्यांदाच बोटींसाठी उघडं पडू लागलं आहे. तिथे व्यापारी मासेमारी अजून सुरूच झालेली नाही. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी ग्रीनलंडमधल्या इलुलिसाट इथे नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी सही केली, की सोळा वर्षं तिथे व्यापारी मासेमारी करायची नाही, आधी एकत्र अभ्यास करायचा, आणि त्यात आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांचं ज्ञानही धरायचं. २५ जून २०२१ पासून हा करार लागू आहे. त्या दहांत अमेरिका, रशिया, चीन तिघेही आहेत. डोनट होलच्या आठवणीशिवाय हा करार झाला असता असं मला वाटत नाही. मासे काढायच्या आधी मोजायचं, हे एवढ्या मोठ्या समुद्राबद्दल सगळ्यांनी मिळून कबूल केलं, हे वाचलं तेव्हा मी तो मजकूर दोनदा वाचला होता.

काल या वर्षीची अदलाबदलीची पेटी आली. आत प्लास्टिकच्या लहान कप्प्यांत खडे, प्रत्येकावर फक्त क्रमांक, लांबी आणि पकडल्याचा महिना. सोबत एक कोरा तक्ता. दुसऱ्या प्रयोगशाळेचे आकडे वेगळ्या फाइलमध्ये आहेत आणि माझे पाठवून होईपर्यंत ती फाइल उघडायची नाही. पहिला खडा ६१ सेंटिमीटरच्या माशाचा आहे, फेब्रुवारीतला. तो तोडून मी दिव्याखाली धरला आहे. मधला ठिपका धुरकट आहे. त्याच्या बाहेर काचेसारखी पहिली रेघ दिसते, मग दुसरी. तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये काहीतरी आहे, ते वर्ष आहे की नुसता एक वाईट महिना, ते ठरवायला खडा थोडा कलता करून पुन्हा बघावा लागेल.